कृषिविद्यापीठाचा लौकिक : जोतिबाच्या परिसरातील एक विचार

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, जोतिबाच्या देवळाबाहेर उभे राहून खाली पाहिले असता उसाची हिरवी शिवारे दूरवर पसरलेली दिसतात. तेथील शेतकऱ्यास लागणीची जात विचारावी, तो ‘८६०३२’ किंवा ‘२६५’ असा आकडा तत्काळ सांगतो. पहिली मूळची कोइमतूरची, दुसरी पाडेगावची. येथे दोहोंचा प्रसार पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीने झाला. परंतु ते केंद्र ज्याचे अंग आहे, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे नाव बहुधा त्याच्या बोलण्यात येत नाही.

हे विद्यापीठ ज्या धर्तीवर उभे आहे, तिचा उगम अमेरिकेतील १८६२ च्या मॉरिल कायद्यात आहे. काँग्रेसमधील दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्यास मिळावी, ती विकून कायम निधी उभारावा आणि त्यातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये चालवावीत, अशी ती योजना होती. (ही जमीन मुळात तेथील आदिवासींकडून घेतलेली होती, हे या संस्थांच्या गौरवपर इतिहासांत दीर्घकाळ अनुल्लेखित राहिले.) तथापि लौकिक जमिनीने मिळाला नाही. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रे आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य या महाविद्यालयांशी जोडले गेले. अध्यापक, संशोधक व गावोगाव हिंडणारा सल्लागार हे एकाच संस्थेचे झाले.

भारतात या धर्तीचे पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगर येथे निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीची स्थापना झाली. पाडेगावचे केंद्र १९३२ चे, कोल्हापूरचे कृषि महाविद्यालय १९६३ चे. म्हणजे शिक्षण व संशोधन ही दोन अंगे नव्या विद्यापीठास बरीचशी आयती लाभली. पुढे त्यास ज्यांचे नाव दिले गेले, त्या जोतीरावांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण मिळावे, हा आग्रह १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये धरला होता. (त्यांचे स्वतःचे नाव जोतिबावरून ठेवले गेले, असे सांगतात.)

तिसरे अंग, विस्तारकार्य, मात्र मुख्यत्वे राज्याच्या कृषि खात्याकडेच राहिले. नवी जात कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत येते, पुढे शेजाऱ्याच्या बेण्यातून पसरते, आणि या प्रवासात विद्यापीठाचे नाव गळून पडते. उसाच्या जातीपुरते हे चालून जाते. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे निचरा कोठे काढावा, पाणी किती द्यावे, हे त्या त्या रानाची माती पाहूनच सांगावे लागते. ते ज्ञान बेण्यासारखे शेजाऱ्याकडून आणता येत नाही.