दुसऱ्याच्या गायन पार्टीत बसताना

एप्रिल आला की वस्तीवस्तीत स्टेज बांधले जातात. एकाच रात्री चार ठिकाणी भीमगीतांचे कार्यक्रम असतात. कुणाचा ढोलकीवाला नेमका रात्रपाळीला, कुणाचा पेटीवाला गावी गेलेला. मग निरोप येतो, "दादा, आज आमच्याकडं बसता का?"

जरूर बसावे. पण बंधू-भगिनींनो, पार्टी त्यांची आहे, हे ध्यानात ठेवूनच बसावे.

त्यांचा गायक कोणत्या पट्टीत गातो, हे स्टेजवर चढण्याआधी विचारून घ्यावे. गाणे एका पट्टीत आणि ढोलकी न जुळणाऱ्या भलत्याच सुराला लावलेली असली, तर पेटी व ढोलकी यांचे रात्रभर भांडण चालते. ढोलकी त्यांची असेल तर न विचारता दोरी ओढू नये, नट आवळू नये. ऐन जयंतीत पुडी फाटली तर कुठे धावणार? गायक शेर सांगत असताना हात आवरावा, त्याची खूण झाली की ठेका धरावा. आपली सगळी विद्या पहिल्याच गाण्यात दाखवणारा वादक पुन्हा कोणी बोलावत नाही.

पाहुण्या गायकाला एखादे गाणे मिळते. यजमान गायकाचे ठरलेले गाणे त्याने घेऊ नये, एवढे कळतेच. पण एक चूक चांगले चांगले गायकही करतात. पूर्वी कार्यक्रम पहाटेपर्यंत चालत, सगळी कडवी गायली जात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी तो बारापर्यंत चालतो. वेळ संपत आली की पाहुणा शेवटचे कडवे गाळून मोकळा होतो. अहो, कवीचे नाव त्याच कडव्यात असते! वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या कितीतरी गाण्यांत 'वामन' येतो तो शेवटीच. वामनदादांना सारे ओळखतात. पण ज्या गिरणी कामगाराची, हमालाची ना कॅसेट निघाली ना पुस्तक छापले, त्याची सगळी मिळकत त्या एका नावात आहे. काही महाभाग तर तिथे स्वतःचे नाव घालून गातात. याला आम्ही चोरीच म्हणू. वेळ कमी असेल तर मधले कडवे गाळा.

पेटीवर पडलेल्या बक्षिसाच्या नोटा पार्टीच्या. पाहुण्याला त्यातले काही द्यायचे असेल तर आधी बोलून घ्यावे. स्टेजवर कुजबुज नको.

यजमानांनीही पाहुण्याचे नाव माइकवरून सांगावे. त्याच्या जेवणाची आणि येण्या-जाण्याच्या भाड्याची सोय करावी. गाणारी भगिनी आली असेल तर तिला घरापर्यंत सोडायला कोण जाणार, हे पहिले गाणे सुरू होण्याआधीच ठरवावे.