रोवणीतली बाई पाणी का पीत नाही?

भगिनींनो, एरवी मी धानाच्या किडीवर आणि खताच्या मात्रेवर लिहिते. आज तुमच्या-माझ्या एका दुखण्यावर लिहिते आहे, कारण ते मला बांधीतच भेटले.

तुमसर तालुक्यातल्या एका गावी गेल्या रोवणीला गेले होते. दुपार झाली तरी धुऱ्यावरचा पाण्याचा गुंड भरलेलाच. पंचेचाळिशीच्या एका बाईला विचारले, तर म्हणाली, "बाई, पाणी पेलं का जा लागते. अन् जाचं कुठं?" मग हळूच सांगितले, वर्षभरापासून सारखी उन्हाळी लागते, खोकला आला तरी लुगडे ओले होते. मी तिला काय शिकवणार? फिरतीवर निघताना मीही चहा टाळत असे. लघवीची जळजळ मीही दीड वर्ष अंगावर काढली.

पाळी जायच्या सुमारास अंगातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक कमी होते. त्यामुळे योनीमार्गाची आणि लघवीच्या वाटेची त्वचा पातळ व कोरडी होते, जंतूंना आवर घालणारी तिथली आम्लता घटते. म्हणून जळजळ, खाज, वारंवार लघवी, संबंधाच्या वेळी दुखणे. त्यात पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे आले की जंतूंचे फावते. ही उन्हाची बाधा नव्हे. धण्याचे पाणी जरूर प्या, पण जंतू त्याने मरत नाहीत.

लाजेने आपण किती सोसतो? आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अहवाल छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के!

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे मी सांगत असते. तसेच लघवी तपासल्याशिवाय दुकानातून गोळी आणू नका. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. दुखणे पुन्हा पुन्हा होत असेल तर साखरही तपासून घ्या. औषधाचा डोस मध्येच सोडू नका. कोरडेपणावर आतून लावायचे मलम असते, ते डॉक्टरांनीच द्यावे. आत साबण किंवा तुरटी लावू नका, साधे पाणी पुरे. खोकताना लघवी होत असेल तर लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, तेच पाच मोजेपर्यंत आवळून सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम नको. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. अंग बाहेर येत असेल तर त्यावरही इलाज आहे, म्हातारपणाचे म्हणून सोडू नका.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा लघवीतून रक्त गेले, तर रोवणी राहू द्या, आधी दवाखाना. क्वचित तो कर्करोगही असतो आणि लवकर कळला तर बरा होऊ शकतो. थंडी वाजून ताप आला आणि कंबर-कुशीत दुखू लागले तरी त्याच दिवशी जा.

आणि बंधूंनो, हे तुम्हीही वाचत असालच. बांधीच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा करायला अर्धा तास लागतो. पऱ्हे खणायच्या आधी तेवढे करा, आणि गुंड रिकामा झाला की भरून ठेवा.