पीएमपी परीक्षा: फर्दापूरला बसून तयारी करता येते, पण आधी हिशोब मांडा



व्हिडिओत आपण पीएमपीची तोंडओळख करून घेतली. आता जरा खोलात जाऊ. पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेतली पीएमआय ही संस्था १९६९ पासून आहे आणि ही परीक्षा ती १९८४ पासून घेते. आयटी, बांधकाम, सोलर, इव्हेंट, कुठल्याही क्षेत्रातला माणूस ती देऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही फर्दापूरचे. आमचा धंदा अजिंठ्याच्या पर्यटकांवर. आम्हाला हे कशाला?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून सुरुवात त्यापासूनच करू.

तुम्हाला खरंच गरज आहे का?

चहा-नाश्त्याची गाडी, मूर्तींचं दुकान, गाइडचं काम असेल तर नाही. तो पैसा मालात घाला. रोज तेच काम चालतं त्याला प्रोजेक्ट म्हणत नाहीत. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट असतो, ठरलेला पैसा असतो आणि शेवटी काहीतरी नवीन उभं राहतं, तो प्रोजेक्ट.

पण तुम्ही गुत्तेदारी करता, सोलर बसवता, हॉटेलांची इंटिरियरची कामं घेता आणि उद्या मोठ्या कंपनीकडून काम घ्यायचंय किंवा तिथे नोकरी करायचीय, तर हे सर्टिफिकेट उपयोगी पडतं. समोरचा तुम्हाला ओळखत नसतो, पण या तीन अक्षरांना ओळखतो.

बसता येतं का ते बघा

- पदवी असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. बारावीपर्यंतच शिक्षण असेल तर ६० महिन्यांचा.
- त्यासोबत ३५ तासांचं ट्रेनिंग.
- स्वतःचं घर बांधलं, घरचं लग्न पार पाडलं, हे अनुभवात धरत नाहीत. ग्राहकाचं काम धरतात.

इथे छोट्या उद्योजकाची खरी अडचण येते. काम केलेलं असतं, कागद नसतो. पीएमआय काही अर्ज तपासणीला काढते. तेव्हा ते काम माहीत असलेल्या माणसाकडून खात्री करून द्यावी लागते. म्हणून परीक्षा दोन वर्षांनी देणार असाल तरी वही आज घाला. कामाचं नाव, सुरुवात, शेवट, रक्कम, तुमची जबाबदारी आणि ग्राहकाची सही. एका कामाला एक पान.

अनुभव कमी आहे? मग पीएमआयचीच सीएपीएम ही पहिली पायरी बघा. तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं शिक्षण लागतं.

पेपर कसा असतो?

२०२१ मध्ये आलेल्या रचनेत १८० प्रश्न, २३० मिनिटं आणि मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्या. माणसं सांभाळण्यावर ४२ टक्के, कामाच्या पद्धतीवर ५० टक्के आणि व्यवसायाच्या परिस्थितीवर ८ टक्के प्रश्न होते. ही रचना अधूनमधून बदलते, म्हणून अर्ज भरताना पीएमआयच्या साइटवरचा ताजा आराखडा बघूनच पुस्तक घ्या. मागच्या वर्षीचं स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका.

पेपर मराठीत नाही. पण घाबरू नका, शब्द तेच तेच येतात. रोज दहा शब्द, त्यांचा अर्थ आपल्या भाषेत, वहीत लिहा.

पाठांतर इथे चालत नाही. प्रश्न साधारण असा असतो: काम अर्ध्यावर आलंय आणि ग्राहक म्हणतो, "अजून एक बाथरूम करून टाका." तुम्ही आधी काय कराल?

आपलं उत्तर ठरलेलं: "होऊन जाईल, भाऊ!" परीक्षेत हे चूक, आणि धंद्यातही इथेच नफा जातो. बरोबर उत्तर असं: किती दिवस वाढतील, किती पैसे वाढतील ते आधी काढा, मग लेखी मंजुरी घ्या आणि मगच मिस्त्रीला सांगा.

एक गणित करून बघू

समजा दोन खोल्यांच्या होमस्टेचं काम ४ लाखांत घेतलंय, मुदत ८० दिवस. आज ४० वा दिवस. ठरल्याप्रमाणे २ लाखांचं काम व्हायला हवं होतं. झालंय दीड लाखाचं. खर्च झालाय १ लाख ८० हजार.

- झालेलं काम भागिले खर्च: १.५ ÷ १.८ = ०.८३. म्हणजे रुपया घातला की ८३ पैशांचं काम होतंय.
- झालेलं काम भागिले ठरलेलं काम: १.५ ÷ २ = ०.७५. म्हणजे वेग पाऊणपट.
- असंच चाललं तर एकूण खर्च: ४ लाखांचं काम १.५ ÷ १.८ या दराने, म्हणजे ४ लाख ८० हजार.

८० हजारांचा खड्डा! तो ८० व्या दिवशी कळला तर खिशातून भरायचा. ४० व्या दिवशी कळला तर अजून हातात काहीतरी आहे. पहिल्या आकड्याला सीपीआय म्हणतात, दुसऱ्याला एसपीआय. परीक्षा द्या, नका देऊ, हे गणित मात्र शिकाच.

फर्दापूरचं वेळापत्रक

लेणी सोमवारी बंद असतात. टी-पॉइंटला गर्दी नसते. तो तुमचा अभ्यासाचा दिवस. रोज एक तास आणि सोमवारी चार तास धरले तर आठवड्याला दहा तास होतात. पहिले दोन महिने संकल्पना, तिसरा महिना फक्त प्रश्न. चौथ्या महिन्यात दर सोमवारी पूर्ण वेळेचा सराव पेपर, फोन बंद करून. चुकलेला प्रश्न का चुकला ते एका ओळीत लिहा.

दिवाळीपासून पर्यटक वाढतात, तेव्हा अभ्यास होणार नाही. म्हणून पावसाळ्यातच सुरुवात करा. कोकण रेल्वेच्या वेळी ई. श्रीधरन यांनी किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती. तुम्हीही परीक्षेची तारीख भिंतीवर लिहा आणि रोज एक दिवस खोडा.

परीक्षा घरून ऑनलाइन देता येते. पण वीज किंवा नेट मध्येच गेलं तर काय? हीच तुमची पहिली रिस्क! मोठ्या शहरातलं केंद्र निवडा आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. आपल्याकडे रस्त्याची कामं किती रेंगाळतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, त्यामुळे सकाळी निघून वेळेत पोचू या भरवशावर राहू नका.

पास झालात तरी विषय संपत नाही. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे शिकल्याचे गुण, दाखवून नूतनीकरण करावं लागतं. त्याचा खर्चही आधीच हिशोबात धरा.

आजचं काम एवढंच: गेल्या तीन वर्षांतली तुमची कामं आठवा आणि प्रत्येकाचं एक पान लिहा. पानं भरली तर परीक्षेचा विचार करा. नाही भरली, तरी पुढचं काम घेताना ही वही सोबत ठेवा.