एकशे आठचा कॅमेरा, बाराचा फोटो

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल आणि पिक्सेल म्हणजे फोटोतला सर्वांत लहान ठिपका. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असले की फोटो १२ मेगापिक्सेलचा होतो. हा आकडा ठिपके किती, एवढेच सांगतो. त्यांवर प्रकाश किती पडला, भिंगाने चित्र किती रेखीव पाडले, यांपैकी काहीही त्यात नसते. तरीही खोपोलीच्या शिळफाट्यावर काय किंवा राज्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत काय, मोबाइलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅमेरा किती मेगापिक्सेल?’ उत्तर ‘एकशे आठ’ आले की पन्नासवाला फोन बाजूला सरकतो. जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला फोटो, हा समज कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आला आहे आणि काही केल्या मरत नाही.

यातली पहिली गफलत साध्या गणिताची. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप आहे. तपशील दुप्पट हवा असेल तर ठिपके आडवेही दुप्पट लागतात आणि उभेही, म्हणजे एकूण चौपट. १२ च्या दुप्पट तपशिलासाठी २४ पुरत नाहीत, ४८ लागतात. पन्नासवरून एकशे आठवर उडी मारली तरी प्रत्येक बाजूला दीडपटही वाढ होत नाही.

दुसरी गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. १०८ चा फोन नेहमीच्या मोडमध्ये बहुधा १०८ चा फोटो काढतच नाही. शेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करून तो त्यांचा एक ठिपका बनवतो, म्हणजे हाती येतात १२ मेगापिक्सेल. ४८ चा फोन चार-चार पिक्सेल जोडतो, तेही १२ च. २०० चा सोळा-सोळा जोडतो, त्याचे साडेबारा. खात्री करायची तर गॅलरीत फोटो उघडून त्याचे डिटेल्स पाहावेत. तिथे बहुतेक वेळा ४००० × ३००० च्या आसपासचाच आकडा सापडतो. आकड्यासाठी पैसे मोजलेल्या माणसाने हे एकदा तरी पाहायलाच हवे.

कंपन्या असे करतात ते प्रकाशासाठी. कर्जत-खालापूरच्या भातशेतीत ही गोष्ट चटकन समजते. एक एकराची बारा खाचरे केली काय आणि एकशे आठ केली काय, जमीन तेवढीच राहते, पाऊसही तेवढाच पडतो. प्रत्येक खाचराच्या वाट्याला मात्र पाणी कमी येते. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे तसेच आहे. पहिल्या पिढीच्या १०८ मेगापिक्सेल सेन्सरमध्ये एका पिक्सेलची बाजू ०.८ मायक्रॉन होती. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ती सुमारे ६ मायक्रॉन असते, म्हणजे तिथल्या एका पिक्सेलचे क्षेत्रफळ पन्नासपटींहून अधिक. प्रकाशाचे कण मोजूनमापून पडत नाहीत. पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील तर त्यात सुमारे १०० चा चढउतार असतो, म्हणजे एक टक्का. १०० च कण पडत असतील तर १० चा, म्हणजे दहा टक्के. अंधुक उजेडातल्या फोटोवर जे दाणे दिसतात त्यांत या चढउताराचा मोठा वाटा असतो.

जुलैतली संध्याकाळ, खोपोलीचा झेनिथ धबधबा, डोक्यावर ढग उतरलेले. अशा वेळी मुद्दाम पूर्ण १०८ चा मोड लावून फोटो काढला, तर फाइल कितीतरी पट जड होते. मात्र बोटांनी मोठा करून पाहिला की कातळावर जांभळट-हिरवे दाणे दिसतात, आणि झाडीत पानांच्या जागी हिरव्या रंगाचे लपके. फोनचे सॉफ्टवेअर दाणे पुसायला जाते आणि त्यांच्याबरोबर पानेही पुसते. साध्या मोडमधला १२ चा फोटो अशा वेळी बहुधा उजवा ठरतो.

भिंगाचीही मर्यादा आहेच. प्रकाश लहरींनी बनलेला असल्याने निर्दोष भिंगसुद्धा बिंदूचे चित्र बिंदू पाडत नाही, छोटी चकती पाडते. एफ/१.८ च्या भिंगात हिरव्या प्रकाशाची चकती सुमारे २.४ मायक्रॉन व्यासाची होते. ०.६ मायक्रॉनचे चार पिक्सेल तिच्या व्यासात ओळीने बसतात. असे पिक्सेल आणखी बारीक करून हाती फारसे काही लागत नाही.

हे कंपन्यांना पुरते ठाऊक आहे. कॅननने २००८ मध्ये पॉवरशॉट जी१० हा १४.७ मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट कॅमेरा काढला आणि पुढच्याच वर्षीच्या जी११ मध्ये आकडा १० वर आणला, कमी उजेडातले फोटो सुधारावेत म्हणून. २०१२ च्या नोकिया ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये सेन्सर ४१ मेगापिक्सेलचा होता, पण नेहमीचा फोटो ५ चा निघे. ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२२ च्या आयफोन १४ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच ठेवला. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा मास्टकॅम तर अवघ्या २ मेगापिक्सेलचा आहे.

‘फ्लेक्सला फोटो फाटतो, म्हणून जास्त मेगापिक्सेल हवेत’ हा आणखी एक लाडका युक्तिवाद. चौकातला वाढदिवसाचा वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स दहा मीटरवरून पाहिला, तर नजर चांगली असलेल्या माणसालाही सुमारे तीन मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. या हिशेबाने त्या फ्लेक्सला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. ‘शॉट ऑन आयफोन ६’ची २०१५ मधली भलीमोठी होर्डिंग्ज ८ मेगापिक्सेलच्या फोनवरच्या फोटोंची होती. फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा फाटतो, कारण तो फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आकसून आलेला असतो. हातात धरून पाहायच्या छपाईला मात्र जास्त ठिपके लागतात: इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-४ आकाराला पावणेनऊ मेगापिक्सेल.

याच्या उलट टोकाचा समजही खोटा आहे. ‘पिक्सेल लहान म्हणजे फोटो वाईटच’ असे नसते. सेन्सर तेवढाच असेल आणि दोन्ही फोटो एकाच आकारात पाहिले, तर बारीक पिक्सेलचा तोटा बराचसा भरून निघतो. भर उन्हात राजमाचीवरून दरीचा फोटो काढून त्यातला तुकडा कापायचा असेल, तर जास्त मेगापिक्सेल खरोखर कामी येतात.

किरकोळ गैरसमजही आहेत. मागे तीन-चार कॅमेरे म्हणजे भारी फोन, असे नाही. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बहुधा संख्या वाढवायलाच असतो. डिजिटल झूम म्हणजे झूम नव्हे, कापाकापी. आणि ‘एक इंची सेन्सर’ एक इंचाचा नसतो: मोजला तर १३.२ × ८.८ मिलिमीटर भरतो, कर्णही १६ मिलिमीटरच्या आतच. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडले. त्यामुळे माहितीपत्रकावरचा १/१.५६ इंच किंवा १/२.७६ इंच हा आकडाही पट्टीने मोजायचा नसतो, दोन फोन एकमेकांशी ताडून पाहायला वापरायचा असतो. त्यात छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा. मेगापिक्सेलच्या ठळक आकड्याखाली, बारीक अक्षरांत, तो बहुधा छापलेला असतो.