लॉटरीचे बक्षीस आणि आयकर

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली, त्या वेळी लॉटरीच्या बक्षिसासारखी आकस्मिक प्राप्ती आयकरातून मुक्त होती. १९७२ च्या वित्त अधिनियमाने लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे खेळ, जुगार व पैजा यांतील जिंकीचा समावेश ‘उत्पन्न’ या संज्ञेत केला. पुढे १९८६ मध्ये अशा उत्पन्नासाठी स्वतंत्र सरसकट दर ठरविण्यात आला. प्रारंभी तो ४० टक्के होता. आता तो ३० टक्के असून त्यावर ४ टक्के उपकर पडतो. मोठ्या उत्पन्नावर अधिभारही लागू होतो.

या उत्पन्नास करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही. विमा, भविष्य निर्वाह निधी इत्यादींची वजावटही त्यातून करता येत नाही. तिकिटांवर झालेला खर्च किंवा हरलेली रक्कमसुद्धा कायदा विचारात घेत नाही. अपवाद एकच : शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या मालकास त्या व्यवसायातील तोटा त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून, चार वर्षांपर्यंत, वळता करून घेता येतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नव्या करप्रणालीनुसार ८ लाख रुपये वार्षिक वेतन घेणाऱ्या शिक्षकास वेतनावर कर द्यावा लागत नाही. त्याने वर्षभरात ६,००० रुपयांची तिकिटे घेतली व त्यास १ लाख रुपयांचे बक्षीस लागले, असे समजू. बक्षीस देणारी संस्था ३०,००० रुपये कर कापून घेऊन ७०,००० रुपये देईल. परंतु उपकरासह एकूण कर ३१,२०० रुपये होतो. म्हणून उरलेले १,२०० रुपये त्याने विवरणपत्र सादर करण्यापूर्वी भरावयाचे असतात. तिकिटांचा खर्च वजा जाता त्याच्या हाती प्रत्यक्षात ६२,८०० रुपये राहतात. बक्षीस लागले नसते, तर ६,००० रुपयांच्या हानीबद्दल कोणतीही करसवलत मिळाली नसती.

बक्षिसाची रक्कम १०,००० रुपयांहून अधिक असल्यास मूळस्थानी करकपात होते. त्याहून लहान बक्षिसावर कपात झाली नाही, तरी ते विवरणपत्रात दाखविणे आवश्यकच असते. मोटार अथवा अन्य वस्तू बक्षीस मिळाल्यास ती सुपूर्द करण्यापूर्वी कराचा भरणा झाल्याची खात्री देणाऱ्याने करावयाची असते. विजेत्याने आपला स्थायी खाते क्रमांक अचूक कळविला पाहिजे. अन्यथा कापलेला कर त्याच्या खाती जमा दिसत नाही.

मटक्यासारख्या बेकायदेशीर जुगारातील प्राप्तीही करपात्रच असते. मात्र कर भरल्याने तो जुगार कायदेशीर ठरत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर २०२३ पासून ३० टक्के कर आकारला जाऊ लागला. पुढे २०२५ मध्ये संसदेने असे खेळ चालविण्यास बंदी करणारा अधिनियम संमत केला.

गावातील एखाद्यास बक्षीस लागल्याची वार्ता येताच घर, विहीर, लग्नकार्य यांचे बेत आखले जातात व उसनवारीही होते. हाती येणारी रक्कम जाहीर झालेल्या आकड्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी वेळीच समजावून दिल्यास अनेक कुटुंबांची पुढील ओढाताण टळेल.