झाकून ठेवल्याने दारू सुटत नाही

गेल्या वर्षी पालकसभा संपली, सगळे पालक निघून गेले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, मुलगा रात्री झोपत नाही. त्याचे अब्बा पिऊन येईपर्यंत दाराकडे बघत बसतो." थोडे थांबून ती म्हणाली, "मोहल्ल्यात कळू देऊ नका. लोक म्हणतील, मुसलमानाच्या घरात दारू!"

तिची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत. दारू हराम आहे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. म्हणूनच ज्या घरात ती शिरते, ते घर दार लावून घेते. नातेवाईक टोमणे मारतात, पिणारा एकटा पडतो आणि मदत कुठे मिळते याची चौकशीसुद्धा कोणी करीत नाही.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. दारू प्यायल्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणीतरी लानत केली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्याला रोखले, या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा टळली नाही, पण त्याला कोणी आपल्यातून बाहेरही काढले नाही.

आम्ही प्रथम डॉक्टरांकडे गेलो, आणि ते बरे झाले. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे त्रास होऊ शकतात; कधी ते जिवावरही बेततात. रमजानमध्ये एकदम सोडणाऱ्यांच्या घरच्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. तसेच, दारू सोडवण्याचे औषध जेवणातून गुपचूप देऊ नये. ते पोटात असताना माणूस प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले, "आता मीटिंगला जा." अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केली. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिच्या मीटिंग होतात. फी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. पत्ता मिळवायचा तर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइनही आहे. विचारताना एवढे विचारून घ्यावे: मीटिंग मराठीत की हिंदीत, वेळ काय, आणि ती खुली की बंद? खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकते; बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते.

आम्हाला मिळालेला पत्ता शेजारच्या शहरातल्या एका चर्चच्या हॉलचा होता. मुलाचे वडील अडले. "सर, मी चर्चमध्ये कसा जाऊ?" आम्ही त्यांना समजावले की हॉल केवळ भाड्याने घेतलेला असतो, ए.ए. कोणत्याही धर्माची नाही. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा समजतो तसा. आपण आपल्या रबकडे मागावे. मीटिंगची वेळ मगरिबच्या सुमाराची होती, म्हणून जवळच्या मशिदीत नमाज पढून दोघे आत गेलो.

खुर्च्या, चहा, वीसेक माणसे. एकेक जण आपले पहिले नाव सांगे, मी अल्कोहोलिक आहे असे म्हणे आणि आपली हकिगत सांगे. मध्येच कोणी बोलत नव्हते, उपदेश करीत नव्हते. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते, म्हणून त्या गोष्टी आम्ही इथे लिहिणार नाही. परतताना एस.टी.त मुलाचे वडील एवढेच बोलले, "सर, ही सगळी माझ्यासारखीच माणसे आहेत."

घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग वेगळ्या असतात. मुलाची आई तिथे जाऊ लागली. नवऱ्याच्या कामावर खोटे निरोप देणे, त्याची उधारी फेडणे तिने बंद केले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी गट चालतो.

सगळे सुरळीत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. चौथ्या महिन्यात एका लग्नाहून ते पिऊन आले. घरात रडारड झाली. पण या वेळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या जुन्या जाणत्या सोबत्याला, फोन केला आणि संध्याकाळी पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसले. "फक्त आज प्यायची नाही," हा तिथला धडा. तौबाचे दारही एकदाच उघडत नाही.

मुलगा आता आठवीत आहे. रात्री झोपतो की नाही, हे आम्ही त्याला विचारत नाही. पहिल्या तासाला त्याचे डोळे पाहिले की कळते.

आमची जमातीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती आहे. मदरशाची एखादी खोली आठवड्यातून एका संध्याकाळी रिकामी असेल, तर ती अशा मीटिंगसाठी द्यावी. भाडे ते लोक देतात. आपल्या माणसाला दोन तास एस.टी.त बसून परक्या शहरात तोंड लपवून जावे लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो.