नदीच्या तळावरील जीवसृष्टी

नदीचे पाणी आपण नित्य पाहतो. परंतु तिच्या तळाकडे सहसा लक्ष जात नाही. खेकडे, झिंगे, गोगलगायी, शिंपले, कृमी आणि नाना कीटकांच्या अळ्या तेथे वास्तव्य करून असतात. पालापाचोळा व शेवाळ यांवर यांतील पुष्कळसे जीव पोसतात आणि त्यांच्यावर मासे पोसतात. ज्या नदीचा तळ निर्जीव झाला, तिच्यातील मासळीही फार काळ टिकत नाही.

हे जीव सर्वत्र सारखे आढळत नाहीत. याचे पहिले कारण तळाची घडण होय. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या वरच्या भागात दगडगोटे असतात. त्यांच्या फटींत निवारा मिळतो. तेथे चपट्या अंगाच्या अळ्या दगडाला बिलगून राहतात, तर काही अळ्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात. सरकत्या वाळूत थोडेच जीव तग धरतात. संथ पाण्याच्या गाळात मात्र कृमी व शिंपले सुखाने राहतात.

दुसरे कारण प्रवाह व प्राणवायू हे आहे. खळाळत्या पाण्यात हवा सतत मिसळते. शिवाय पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम एवढाच तो विरघळतो. म्हणूनच काठावरील झाडांची सावली नदीला उपकारक ठरते.

तिसरे कारण पूर. पावसाळ्यातील लोंढा तळ खरवडून नेतो. परंतु वरून वाहत आलेले जीव आणि पंख फुटलेल्या कीटकांनी घातलेली अंडी यांमुळे पूर ओसरल्यावर वस्ती पुन्हा भरते.

चौथे कारण मनुष्याचे वर्तन. सांडपाण्यातील घाण कुजताना प्राणवायू संपतो. मग नाजूक अळ्या नाहीशा होतात आणि रक्तद्रव्यामुळे तांबड्या दिसणाऱ्या, अल्प प्राणवायूवर जगणाऱ्या अळ्या व कृमीच उरतात. या निरीक्षणावरून कोल्कविट्झ व मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ साली जीवांवरून पाण्याची प्रत ओळखण्याची पद्धती मांडली.

शेतीचाही येथे निकटचा संबंध आहे. उतारावरून धुपून आलेली माती गोट्यांमधील फटी बुजविते. अर्थात शेताची सुपीकता जाते आणि नदीचा तळही गुदमरतो. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशके तर एक अब्ज भाग पाण्यात एक भाग असली तरी पाण्यातील कित्येक कीटकांस मारक ठरतात.

तरी शेतकरी बंधूंनी समपातळीत मशागत करावी, बांध राखावेत, काठावरील झाडे व गवत तोडू नये आणि फवारणीचा पंप नदीत वा ओढ्यात कदापि धुऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर, गावाचा नाला मिळतो त्याच्या वर व खाली प्रत्येकी दहा दगड उचलून त्यांची खालची बाजू गावकऱ्यांना दाखवावी व दगड पूर्ववत ठेवावेत. वर नाना प्रकारचे जीव आणि खाली केवळ तांबड्या अळ्या दिसल्या, तर पाणी कोठे बिघडते हे निराळे सांगावे लागणार नाही. उपाय कोठून सुरू करावा हेही त्यावरूनच ठरेल.